ग्लेन एलन येथील जॅक लंडनचा मळा : काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

चांदणवेल

कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात, ग्लेन एलन गावाच्या वरच्या डोंगरउतारावर, जॅक लंडन या अमेरिकी कादंबरीकाराचा मळा राज्य ऐतिहासिक उद्यान म्हणून जपलेला आहे. या उद्यानाविषयी मराठीत जे काही वाचायला मिळाले, त्यात लंडनने बांधलेल्या आणि जळून गेलेल्या ‘वुल्फ हाउस’ या घराची छायाचित्रे आणि लेखकाची समाधी यांपलीकडे फारसे काही नव्हते. माझे म्हणणे असे की हे स्थळ आधी शेत म्हणून पाहायला हवे आणि मग लेखकाचे घर म्हणून. लंडनने १९०५ मध्ये ७,००० डॉलरना १३० एकर जमीन घेतली आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत ती सुमारे १,४०० एकरांपर्यंत वाढवली. पुस्तकांचा बहुतेक पैसा त्याने या जमिनीतच घातला. म्हणजे हा लेखकाचा विश्रांतीचा बंगला नव्हता.

माझे आई-बाबा येत्या वसंतात आमच्याकडे फ्रीमाँटला येत आहेत. बाबा कृषी खात्याच्या मृद्‌संधारण विभागातून निवृत्त झाले असून जत-आटपाडीकडच्या बांधबंदिस्तीत त्यांची उमेद गेली. दोघांनीही लंडनचे काही वाचलेले नाही. आईच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही. अशा दोघांना तेथे नेणे योग्य होईल का आणि नेले तर सुरुवात कोठून करावी, हे ज्यांनी उद्यान पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सोनोमाकर

अवश्य न्या. मी या भागात बरीच वर्षे राहतो आणि पाहुण्यांना घेऊन तेथे वारंवार जातो, म्हणून जागेची रचना आधी सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर ग्लेन एलन आहे. गावातून लंडन रँच रोड वर चढतो आणि उद्यानाच्या फाटकाशी संपतो. फाटकातून आत गेल्यावर वाट दोन बाजूंना फुटते. डावीकडे संग्रहालय, समाधी आणि वुल्फ हाउसचे अवशेष आहेत. उजवीकडे ‘ब्यूटी रँच’, म्हणजे मळ्याचा मुख्य भाग. बहुतेक लोक डावीकडे वळतात, अवशेषांपाशी छायाचित्रे काढतात आणि परततात. तुमच्या बाबांना उजवीकडे न्या.

त्या बाजूला जुन्या कोह्लर आणि फ्रोलिंग वाइनरीच्या दगडी भिंती आहेत. १९०६ च्या मोठ्या भूकंपात त्या इमारतीची पडझड झाली होती. लंडनने वाइनरीची ही जागा नंतर विकत घेतली आणि इमारतीचा उरलेला भाग कामाला लावला. तिच्या शेजारी ज्या साध्या लाकडी घरात लंडन पती-पत्नी १९११ पासून राहिली, ते ‘कॉटेज’ आहे. लंडनने या वास्तव्यात रोज सुमारे हजार शब्द लिहिण्याचा नेम पाळला आणि २२ नोव्हेंबर १९१६ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने याच घरात देह ठेवला. झोपण्याच्या ओसरीत पलंगाच्या वर त्याने दोरी ताणली होती आणि रात्री सुचलेल्या गोष्टींची टिपणे तो तिला चिमट्यांनी अडकवत असे. घर पाहण्याच्या वेळा मर्यादित असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी.

कॉटेजच्या पुढे दगडी तबेले, शेणखताचा दगडी हौद, मुरघासाचे (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) दोन मनोरे आणि डुकरांचा गोलाकार गोठा आहे. हा सर्व भाग फारशा चढाविना पाहता येतो. त्याहून वर, रेडवूडच्या झाडीत, लंडनने दगडी बांध घालून केलेला तलाव आहे. गाळ साचल्यामुळे तो आता बराच लहान झाला आहे. तेथवर मात्र चढ आहे.

कृष्णाकाठ

सोनोमाकर यांचा क्रम मला पटत नाही. ज्यांनी लंडन वाचलेला नाही, त्यांना आधी संग्रहालयात नेले पाहिजे. ऑकलंडच्या गरिबीत वाढलेला, लहान वयात डबे भरण्याच्या कारखान्यात राबलेला, खाडीतले कालव (खाण्याचे शिंपले) चोरून काढणारा, सीलच्या शिकारीच्या जहाजावर खलाशी म्हणून गेलेला, कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात उत्तरेकडे धावलेला हा मुलगा कोण, हे समजल्याखेरीज त्याला स्वतःच्या मालकीच्या जमिनीची एवढी ओढ का होती, हे कळत नाही. संग्रहालयात संपादकांची नकारपत्रे मांडलेली आहेत. ती पाहिल्यावर पुढच्या प्रत्येक एकराची किंमत निराळी वाटू लागते.

शिवाय संग्रहालयाची इमारत हीच एक पाहण्याजोगी गोष्ट आहे. लंडनच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी चार्मियन हिने ती १९१९ ते १९२६ या काळात बांधली आणि तिला ‘हाउस ऑफ हॅपी वॉल्स’ असे नाव दिले. आपल्यामागे येथे पतीचे स्मारक व्हावे, ही तिची इच्छा होती. १९०७ ते १९०९ या काळात दोघांनी ‘स्नार्क’ या शिडाच्या नौकेतून पॅसिफिकचा प्रवास केला. त्या प्रवासातल्या वस्तूही तेथेच आहेत.

ओंजळ

संग्रहालयाविषयी कृष्णाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. चार्मियन उत्तम घोडेस्वार होती, लंडनची हस्तलिखिते टंकलिखित करून देत असे आणि स्वतःही लेखिका होती. तेथे फिरताना तिच्याकडेही लक्ष असू द्यावे.

माजघर

वुल्फ हाउसचा उल्लेख वर ओझरता झाला आहे. तो भाग गाळून पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोचे वास्तुविशारद अल्बर्ट फार यांनी त्याचा आराखडा केला आणि १९११ मध्ये काम सुरू झाले. सुमारे १५,००० चौरस फुटांचे हे घर परिसरातल्याच काळपट लाव्हा दगडाचे आणि साल न काढलेल्या रेडवूडच्या ओंडक्यांचे होते. त्यात २६ खोल्या व नऊ शेकोट्या होत्या आणि मध्ये उघडा चौक ठेवून त्यात पाण्याचा हौद बांधला होता. १९०६ चा भूकंप ताजा असल्यामुळे पाया काँक्रीटचा, एकसंध आणि अतिशय जाड घातला होता. लंडन कुटुंब राहायला जाण्याच्या बेतात असतानाच २२ ऑगस्ट १९१३ च्या रात्री घर पेटले आणि पहाटेपर्यंत फक्त दगडी भिंती उरल्या.

आग कोणी लावली, यावर पुढे कित्येक वर्षे कुजबूज चालू राहिली. कामावरून काढलेला मजूर, मत्सरी शेजारी, एवढेच नव्हे तर खुद्द लंडनवरही संशय घेतला गेला. अखेर १९९५ मध्ये आगींच्या तपासातील तज्ज्ञांच्या एका गटाने अवशेषांची पाहणी करून निष्कर्ष काढला की लाकडाला तेल लावण्यासाठी वापरलेल्या, जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आतल्या आत तापून पेटल्या असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू शोषते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा ढीग असेल तर ती उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि ती रात्र तर उन्हाळ्यातली होती. एवढ्या दांडग्या घराचा शेवट अशा कारणाने व्हावा, हे अवशेषांसमोर उभे राहिल्यावर फार लागते. संग्रहालयापासून ते सुमारे एक किलोमीटरवर आहेत. जाताना उतार आहे, येताना मात्र चढावे लागते.

तटबंदी

मी व्यवसायाने वास्तुविशारद आहे. त्या भिंती आणि धुराडी आजही इतकी भक्कम उभी आहेत आणि मूळ रचनेची एवढी माहिती उपलब्ध आहे, की किमान एक दालन तरी जसेच्या तसे पुन्हा बांधावे, असा विचार माझ्या मनात आला. ओंडक्यांचे छत, चौकाभोवतीचे सज्जे आणि वरच्या मजल्यावरची लेखनाची खोली कशी दिसली असती, हे सामान्य माणसाला नुसत्या भिंतींवरून कळणे कठीण आहे. रेखाचित्रे आणि प्रतिकृती यांवर समाधान मानावे लागते.

माजघर

तटबंदी, तुमचा हेतू समजतो, तरीही मी विरोध करेन. लंडन त्या घरात एक दिवसही राहिला नाही. पुन्हा बांधलेले दालन त्याच्या आयुष्यात कधीच नसलेली गोष्ट दाखवील. घर जळाल्यावर पुन्हा बांधण्याचा विचार त्याने बोलून दाखवला होता, पण तीन वर्षांनी तो गेला आणि भिंती तशाच राहिल्या. त्याच्या चरित्रात हे घर अपुरे आहे, म्हणून ते अपुरेच राहू द्यावे. भिंती ढासळू नयेत, एवढी डागडुजी पुरेशी आहे.

द्राक्षबाग

मी निफाडचा द्राक्ष बागायतदार. मुलगा सांता रोझाला नोकरीला असल्यामुळे हा मळा पाहण्याचा योग आला. इथे मी फक्त शेतीबद्दल लिहितो, कारण ज्यांच्यासाठी हा धागा काढला आहे त्यांना तेच उपयोगी पडेल.

लंडनने घेतलेली जमीन थकलेली होती. आधीच्या मालकांनी वर्षानुवर्षे पीक काढले, जमिनीला परत काही दिले नाही आणि उतारावरची माती पावसाने धुऊन नेली. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्धाची वार्तापत्रे पाठवण्यासाठी तो कोरियात गेला होता. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही कस टिकवून धरलेली डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेती त्याने तेथे पाहिली. परतल्यावर त्याने ग्लेन एलनच्या उतारावर तशाच पायऱ्या काढल्या. आपल्याकडे भाताच्या मुलखात ज्याला मजगी म्हणतात, तेच काम. चढाला आडव्या, समपातळीत गेलेल्या त्या पायऱ्या आजही ओळखू येतात. उद्यानाच्या मधोमध असलेली द्राक्षबाग कुटुंबाच्या वारसांकडे असून अजून पिकते. तिच्या कडेने चालताना माझी नजर वेलींपेक्षा बांधांवर जास्त होती.

दुसरी गोष्ट खताची. हिरवळीची पिके वाढवून ती जमिनीत गाडण्याची पद्धत त्याने चालवली. आपण ताग आणि धैंचा गाडतो, तसेच हे. गोठ्यातले शेणमूत वाया जाऊ नये म्हणून दगडी हौद बांधला. रासायनिक खतांची जाहिरात जोरात सुरू झाली होती, त्या काळात हा माणूस गुरे आणि जमीन यांचे चक्र पूर्ण करण्याच्या मागे लागला होता. चाऱ्यासाठी सिमेंटच्या ठोकळ्यांचे, सुमारे ४० फूट उंचीचे मुरघासाचे दोन मनोरे उभारले. त्या प्रकारचे कॅलिफोर्नियातले ते पहिलेच, असे तेथे सांगतात.

तिसरी गोष्ट डुकरांचा गोठा. लोकांनी थट्टेने त्याला ‘पिग पॅलेस’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. १९१५ मध्ये त्यावर सुमारे ३,००० डॉलर खर्च झाले होते. मध्ये खाद्याची गोल बुरुजवजा खोली, तिच्याभोवती वर्तुळाकार १७ कप्पे, प्रत्येक कप्प्याला आतली निवाऱ्याची जागा आणि बाहेरचे अंगण. मधल्या बुरुजात उभा राहून एकच गडी सगळ्यांना खाणे घालू शकतो, पाणी धरू शकतो आणि फरशी धुऊन काढू शकतो. मजुरी वाचते, स्वच्छता राहते आणि रोग एका कप्प्यातून दुसऱ्यात सहज पसरत नाही. ज्याने स्वतः गोठा सांभाळला आहे, त्याला या आराखड्यात थट्टेचे काही दिसणार नाही. चांदणवेल, तुमचे बाबा तेथे बराच वेळ रमतील, वेळ हाताशी ठेवून जा.

निरीक्षक

द्राक्षबाग यांनी फार चांगले लिहिले आहे, परंतु दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लंडनने कठीण लाकूड मिळेल या आशेने हजारोंच्या संख्येने निलगिरी लावली आणि तो बेत साफ फसला. कॅलिफोर्नियात वाढलेल्या त्या झाडांचे लाकूड पिळवटते आणि तडकते, त्यामुळे इमारतीच्या कामाला ते निरुपयोगी ठरले. सांता रोझाचे वनस्पतितज्ज्ञ ल्यूथर बर्बँक यांचा बिनकाट्यांचा निवडुंग गुरांच्या चाऱ्यासाठी आणला, त्यातूनही अपेक्षित फळ मिळाले नाही. मळा पुस्तकांच्या पैशावर चालत होता आणि मळ्यासाठी पैसा हवा म्हणून तो घाईने पुस्तके लिहीत होता. जमीन वाढवण्यासाठीच आपण लिहितो, असे त्याने स्वतः म्हणून ठेवले आहे. त्याच्या शेवटच्या वर्षांतले लेखन असमान उतरले, त्याचे एक कारण हा मळा होता, असे माझे मत आहे.

आणखी एक विसंगती मला खटकते. ऑकलंडच्या महापौरपदासाठी समाजवादी पक्षातर्फे दोनदा उभा राहिलेला माणूस १,४०० एकरांचा मालक होतो आणि १९१६ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, पक्षाचा राजीनामा देतो. मळा आदर्श शेतीचे स्मारक म्हणून दाखवताना हेही सांगितले गेले पाहिजे.

द्राक्षबाग

निरीक्षक, निलगिरीचे म्हणणे मान्य आहे. आपल्याकडेही सामाजिक वनीकरणाच्या काळात बांधाबांधावर निलगिरी लावली गेली आणि पुढे कित्येकांनी ती उपटली. पण जमिनीतले प्रयोग पाच-दहा वर्षांच्या ताळेबंदावर जोखता येत नाहीत. मातीचा कस भरून यायला एक पिढी लागते आणि त्याला मिळाली जेमतेम अकरा वर्षे. निलगिरी फसली, तरी बांध टिकले. माझ्या हिशेबात बांधाचे मोल जास्त आहे.

ओंजळ

इथपर्यंतच्या सर्व प्रतिसादांत एक नाव राहून गेले आहे. लंडनची सावत्र बहीण एलायझा शेपर्ड हिने १९१० पासून या मळ्याचा कारभार पाहिला. लंडन प्रवासात किंवा लेखनात असताना मजूर, गुरे, बांधकाम आणि हिशेब तिच्याकडे असत. त्याच्या मृत्यूनंतरही, १९३९ मध्ये स्वतः जाईपर्यंत, तिने मळा सांभाळला. लहानपणीही तिनेच त्याला जपले होते. पुढे तिचा मुलगा अर्व्हिंग शेपर्ड याच्यामार्फत जमिनीचा पहिला भाग राज्याकडे गेला आणि त्यातून १९६० च्या सुमारास हे उद्यान उभे राहिले. १९६२ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. बांधांच्या चर्चेत या बाईंची आठवण ठेवणे मला आवश्यक वाटते.

सह्यकडा

मला एक अवघड प्रश्न मांडायचा आहे आणि तो टाळून या मळ्याचे कौतुक करणे मला जमत नाही. कोरियाच्या पायऱ्यांवरून शिकलेल्या याच लेखकाने १९०४ मध्ये आशियातील लोकांविषयी ‘पीत संकट’ या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. त्याच्या कथा-लेखांत गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाची भाषा अनेक ठिकाणी येते. मळ्यावरचे दगडी ‘शेरी बार्न’ (शेरी मद्याचे कोठार) १८८४ मध्ये चिनी मजुरांनी बांधलेले आहे. चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा कायदा त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८२ मध्ये झाला होता. म्हणजे ज्यांच्या हातांनी ही वास्तू उभी राहिली, त्यांच्या देशबांधवांना दार बंद झाले होते. लंडनने हे कोठार नंतर विकत घेतले आणि आपले ‘शायर’ जातीचे उमदे घोडे तेथे ठेवले.

आशियातून येऊन येथे स्थायिक झालेल्या आपल्यासारख्यांनी तेथे गेल्यावर हे लक्षात घ्यायला नको का?

कृष्णाकाठ

सह्यकडा, प्रश्न योग्य आहे आणि त्यावर गुळमुळीत उत्तर देऊ नये. त्याची ही मते त्या काळातही वाईटच होती. मात्र त्याच्या आयुष्यात याच्या उलट जाणाऱ्या गोष्टीही खऱ्या आहेत. त्याला तान्हेपणी दूध पाजणारी आणि वाढवणारी जेनी प्रेंटिस ही गुलामीत जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री होती. त्याची पहिली नौका घेण्यासाठी पैसे तिनेच दिले आणि त्याने तिला अखेरपर्यंत आईसारखे मानले. ‘द व्हॅली ऑफ द मून’ या १९१३ च्या कादंबरीत ऑकलंडचे एक कामगार जोडपे जमिनीच्या शोधात निघते. लहानशा तुकड्यातून भरघोस पीक काढणाऱ्या पोर्तुगीज आणि चिनी शेतकऱ्यांपुढे जुने अमेरिकी शेतकरी का हरले, याची चर्चा तीत वारंवार येते. तेथे आदर आहे, आणि तेथेच भीतीही आहे. हे दोन्ही एकाच माणसात होते. मळा पाहताना एकाने दुसरे पुसू नये.

सह्यकडा

हे उत्तर मला मान्य आहे. माझी अपेक्षा एवढीच, की कोठारापाशी चिनी मजुरांचा उल्लेख वाचल्यावर पाहुण्याने तेथे क्षणभर तरी थांबावे.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. मृत्यूविषयी एक शंका आहे. एका जुन्या लेखात लंडनने आत्महत्या केली असे वाचले होते. आई-बाबांना काय सांगावे? दुसरे म्हणजे, अवशेषांपर्यंत आईला पोहोचता येईल अशी काही सोय आहे का?

सोनोमाकर

मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंडाचा विकार हेच कारण आहे. दीर्घकाळचे आजारपण, वेदनांवरची औषधे आणि मद्य यांनी त्याचे शरीर पोखरले होते. आत्महत्येची कथा नंतरच्या एका गाजलेल्या चरित्रामुळे पसरली, पण आज बहुतेक अभ्यासक ती मानत नाहीत. त्यामुळे आजारपणाने गेला, असे निःशंकपणे सांगावे.

समाधी अतिशय साधी आहे. वुल्फ हाउसच्या अवशेषांतला एक मोठा लाव्हा दगड अस्थींवर ठेवलेला आहे. जवळच लाकडी कुंपणात ग्रीनलॉ नावाच्या जुन्या वसाहतकरी कुटुंबातील दोन मुलांची थडगी आहेत. आपल्या अस्थी याच टेकडीवर त्या मुलांच्या सोबतीने ठेवाव्यात, असे लंडनने सांगून ठेवले होते. १९५५ मध्ये चार्मियन वारली, तेव्हा तिच्या अस्थीही याच दगडाखाली ठेवल्या गेल्या.

आईंच्या सोयीबद्दल : शनिवार-रविवारी स्वयंसेवक चालण्यास त्रास असलेल्या पाहुण्यांना लहान विजेरी गाडीतून अवशेषांपर्यंत नेतात. स्वयंसेवकांच्या उपलब्धतेवर ते अवलंबून असते, म्हणून आधी दूरध्वनी करून विचारा.

पाणपोई

ही स्वयंसेवकांची गोष्ट निघाली म्हणून लिहितो. २०११ मध्ये कॅलिफोर्निया सरकारने पैशांच्या चणचणीमुळे राज्यातील ७० उद्याने बंद करण्याची यादी जाहीर केली आणि त्यात जॅक लंडन उद्यान होते. तेव्हा स्थानिक नागरिकांची ‘व्हॅली ऑफ द मून नॅचरल हिस्टरी असोसिएशन’ ही संस्था पुढे आली आणि मे २०१२ पासून तिने उद्यानाचा पूर्ण कारभार स्वतःकडे घेतला. जमीन राज्याचीच राहिली. फाटकावरची वसुली, वाटांची दुरुस्ती, इमारतींची निगा आणि मार्गदर्शन हे सारे संस्थेकडे आले. कॅलिफोर्नियाचे राज्य उद्यान एका ना-नफा संस्थेने पूर्णपणे चालवण्याची ही पहिलीच वेळ होती. आता तीच संस्था ‘जॅक लंडन पार्क पार्टनर्स’ या नावाने काम करते. निधीसाठी जुन्या वाइनरीच्या उघड्या भिंतींच्या आत संगीत-नाट्याचे प्रयोगही झाले.

आपल्याकडे मालगुंडला केशवसुतांचे घर कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक म्हणून जपले आहे. गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांपैकी किती जण ते दोन-तीन किलोमीटर पुढे जातात, हा प्रश्न मला प्रत्येक खेपेला पडतो. साहित्यिकाचे घर सरकारी अनुदानावर नव्हे, माणसांच्या येण्याजाण्यावर टिकते. म्हणून फाटकावर दिलेल्या पैशांची मला कधी कुरकुर वाटत नाही. मिळेल तेथे देणगीही देतो.

निरीक्षक

पाणपोई यांच्याशी सहमत, पण एक भर घालतो. अशा संस्थेवर भार टाकून सरकारने कायमचे हात झटकू नयेत. स्वयंसेवक मार्गदर्शन करतील, वाटा झाडतील, परंतु शंभर वर्षांच्या दगडी भिंतींची भूकंपापासून सुरक्षितता हे खर्चाचे आणि तज्ज्ञांचे काम आहे. ते राज्याचेच असले पाहिजे.

तटबंदी

निरीक्षक यांचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. माझ्या पुनर्बांधणीच्या सूचनेपेक्षा तो पैसा या कामात जाणे अधिक योग्य ठरेल. आणि धोका फक्त भूकंपाचा नाही. ऑक्टोबर २०१७ च्या वणव्यात ग्लेन एलनमधली पुष्कळ घरे भस्मसात झाली. आग इतकी जवळ आली होती की संग्रहालयातल्या मौल्यवान वस्तू बाहेर हलवाव्या लागल्या. उद्यानातल्या वास्तू वाचल्या. एका आगीने वुल्फ हाउस नेलेच आहे. सुकलेले गवत कापणे, झाडीतला पालापाचोळा उचलणे, खालच्या फांद्या छाटणे ही कामे तेथे दरवर्षी नेमाने झालीच पाहिजेत. आणि त्यात लंडनच्या निलगिरीचाही विचार करावा लागेल, कारण तिची तेलकट पाने आणि गळणारी साल झटकन पेट घेते.

द्राक्षबाग

खरे आहे. फसलेले झाडही त्याच्या इतिहासाचा भाग म्हणून ठेवायचे की आगीच्या भीतीने काढायचे, हा निर्णय सोपा नाही. मला विचाराल तर इमारतींपासून दूर एक रांग ओळखीसाठी ठेवावी आणि बाकीची काढून तेथे स्थानिक ओक वाढू द्यावेत. जमिनीची धूप थांबवायला तेच जास्त कामाचे.

सोनोमाकर

चांदणवेल यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. मार्च ते मे हा काळ उत्तम, कारण तेव्हा उतार हिरवे असतात आणि बांधांच्या रेषा गवतातून स्पष्ट दिसतात. जूननंतर गवत पिवळे पडते आणि दुपारचे ऊन आईंना जड जाईल. सकाळी उद्यान उघडताच आत जा. कृष्णाकाठ यांचा आग्रह आणि तुमच्या बाबांची आवड या दोन्हींचा विचार करून मी असा क्रम सुचवतो : आधी संग्रहालयाचा फक्त तळमजला, म्हणजे हा माणूस कोण ते समजेल. मग गाडीने उजवीकडच्या वाहनतळावर जाऊन तबेले, शेरी बार्न, खताचा हौद, मुरघासाचे मनोरे आणि पिग पॅलेस. पिग पॅलेसपासून द्राक्षबागेच्या कडेची वाट जवळजवळ सपाट आहे, तेथून बाबांना पायऱ्या दाखवा. कॉटेज उघडण्याच्या वेळेला परत या. तलावापर्यंतचा चढ या खेपेला सोडून द्यावा. आईंना थकवा नसेल आणि शनिवार-रविवार असेल, तर शेवटी विजेरी गाडीतून वुल्फ हाउस. मळ्यावर सावली कमी आहे. पाणी आणि टोपी बरोबर असू द्या.

चांदणवेल

हाच क्रम ठरवते. बाबांना द्राक्षबाग यांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारले की त्या पायऱ्यांना पाणी काढून देणारे सांडवे आहेत का आणि असल्यास ते दगडी आहेत की मातीचे.

द्राक्षबाग

सांडव्यांकडे मी तेवढे बारकाईने पाहिले नव्हते. बाबांनी तेथे गेल्यावर पाहावे आणि शक्य झाल्यास पायऱ्यांच्या तोंडांची छायाचित्रे याच धाग्यावर द्यावीत. उताराचे मापही त्यांनी अंदाजाने टिपले तर माझ्यासारख्यांना फार उपयोग होईल.